पासंग

एकतीस वर्षं मी त्या कोर्टात टायपिस्ट होते.
टोरिसा नदीकाठचं लहानसं कोर्ट, खिडकीपाशी कोळशाची शेगडी.
न्यायाधीश सांगायचे, मी उमटवायचे.
बोटांना मत नसतं, अशी माझी समजूत.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत दोघं आले, एकाच आठवड्यात.
औषधवाल्या हुदाकांचा स्लावोमिर:
रेल्वेच्या गोदामातली तांब्याची तार, बावीस किलो,
मोटारसायकल घ्यायची होती.
आणि रोमा वस्तीवरचा गेयझा चोन्का:
सरकारी जंगलातली लाकडं,
बर्फावरून ओढायची एक गाडी भरून.
चूल पेटवायची होती.

स्लावोमिरच्या कागदावर मी टाइप केलं,
‘ही त्याची पहिलीच वेळ.’
गेयझाच्या,
‘पहिल्यांदाच सापडला.’

एक ‘मुलगा’ होता, दुसरा ‘इसम’.
इसम पाच महिन्यांनी लहान होता.

दोघंही खाली बघत गप्प उभे राहिले.
एक शरमेनं गप्प,
एक कोडगेपणानं.
मी दोन्ही शब्द न चुकता टाइप केले,
माझं शुद्धलेखन चांगलं म्हणून तर नोकरी होती.

न्यायाधीश वाईट नव्हते.
हे सांगायलाच हवं, नाहीतर सगळं फार सोपं होईल.
लंगड्या कुत्र्याला रोज डब्यातलं अर्धं द्यायचे.
स्लावोमिरच्या बापाशी बोलताना त्यांनी चष्मा काढला,
काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या,
म्हणाले, आख्खं आयुष्य पडलंय पोराच्या पुढ्यात.
ते डोळ्यांतलं पाणी खरं होतं.
त्यांची दया खरीच होती, फक्त
घराबाहेर कधी गेलेली नव्हती,
ओळखीचं नाक-डोळं दिसलं की धावायची.

गेयझाला आठ महिने.
त्याच्या पुढ्यात काय पडलं होतं, कुणी विचारलं नाही.

माझे वडील सहकारी शेतावर बटाटे तोलायचे.
एका पारड्याखाली त्यांनी खडा बांधला होता,
अंगठ्याएवढा, दोरा पारड्याच्याच रंगाचा.
मला म्हणायचे, वजनं सरकारी आहेत, पोरी,
कुणीही तपासून घ्यावीत.

सोमवारी त्याची आई आली. एटेला.
माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली
आणि माझी पर्स माझ्या मांडीवर आली.
मी उचलली असं मला आठवत नाही.
तिनं बघितलं.
तिनं बघितलं, हे मी बघितलं.

‘मला वाचता येतं,’ ती आधी हेच म्हणाली.
मी तर काही विचारलंही नव्हतं.
मग कागदावर बोट ठेवलं, ‘सापडला’च्या खाली.
‘शिक्षा राहू दे. एवढं बदला.
आधी आणत असता लाकडं,
तर मागच्या हिवाळ्यात आमची धाकटी राहिली असती.’

मी म्हणाले, मी फक्त टाइप करते.
आणि मला तिची दया आली,
खरंच आली, घशापर्यंत.
मी दहा कोरुनाचं नाणं पुढे केलं, बसभाड्याला.
तिनं ते घेतलं,
त्या कागदावर ठेवलं, मधोमध,
वारा नसतानाही कागद उडेल असं वाटल्यासारखं,
आणि चालत गेली. नऊ किलोमीटर.

त्या आठवड्यात मी बहिणीला फोनवर सांगितलं,
किती आढ्यता असते बघ या लोकांना.

नाणं अजून ड्रॉवरमध्ये आहे.
देशाचं चलन बदललं, मुदत संपली,
आता बँकसुद्धा ते परत घेत नाही.
गेयझाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.
माहीत करून घेता आलं असतं.

निवृत्तीत जुनं मशीन घरी आणलं.
एका रात्री कागद चढवून तेवढी ओळ टाइप केली,
त्याच्या नावापुढे, ‘ही त्याची पहिलीच वेळ.’
मग अक्षरं मोजली, सवयीनं.
त्याच ओळीत बसत होती.
समास सोडूनही
जागा उरत होती.